प्लास्टिकचा शेवटचा मुक्काम : सातारा व सांगली जिल्ह्यांच्या अनुभवातून एक अभ्यास

कृष्णाकाठच्या गावांचा दिवस दुधाने सुरू होतो. वाळवा, पलूस, कराड, फलटण या तालुक्यांत पहाटे संकलन केंद्रांपुढे किटल्या आणि कॅन यांची रांग लागते. तेच दूध थंड होऊन, तापवून, निर्जंतुक होऊन प्लास्टिकच्या पिशवीतून पुण्या-मुंबईच्या आणि सांगली-साताऱ्याच्याही दारात पोहोचते. पिशवीतले दूध क्षणात पातेल्यात रिकामे होते. पिशवी मात्र उरते. ती उकिरड्यावर जाते, ओढ्यात वाहते, चुलीत पेटते, किंवा चरावयास सुटलेल्या जनावराच्या पोटात जाते. ज्या गाई-म्हशींनी हे दूध दिले त्यांच्याच पोटातून शस्त्रक्रिया करून प्लास्टिकचे कित्येक किलोंचे गोळे बाहेर काढण्याची वेळ पशुवैद्यकांवर येते. दुग्धव्यवसायावर उभ्या असलेल्या या दोन जिल्ह्यांना प्लास्टिक कचऱ्याचा प्रश्न परका नाही, तो गोठ्यापर्यंत आलेला आहे.

या प्रश्नावर उपाय झाले नाहीत असे नव्हे. कायदे झाले, दंड ठरले, शाळांनी मोहिमा काढल्या, ग्रामपंचायतींनी संकलन केंद्रे उभारली. तरीही ज्यांनी मनापासून काम केले त्यांच्याच वाट्याला पुष्कळदा निराशा आली. गोळा केलेले प्लास्टिक कोणी नेले नाही, पावसात भिजले, आणि शेवटी त्याला काडी लागली. असे का होते, आणि ते टाळता कसे येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्लास्टिकची दुसरी बाजू

प्रारंभीच एक गोष्ट मान्य करणे न्यायाचे ठरेल. प्लास्टिक या भागात उपयोगी पडले म्हणूनच ते रुजले. तासगावच्या द्राक्षबागा, आटपाडी-जत भागातील डाळिंबे यांना मोजके पाणी मुळाशी मिळाले ते ठिबकच्या नळ्यांतून. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीचे वाफे काळ्या किंवा रुपेरी आच्छादन-कागदाने झाकले जातात, त्यामुळे तण कमी होते आणि फळ मातीला लागत नाही. खताची रिकामी पोती उसवून शेतकरी स्त्रिया त्यांची ताडपत्री शिवतात, तिच्यावर धान्य वाळते, गोठ्याला आडोसा होतो. जी वस्तू वर्षानुवर्षे वापरात राहते तिची तक्रार फारशी नसते. तक्रार आहे ती क्षणभर वापरून फेकावयाच्या वस्तूंची.

या दोहोंतला भेद भंगारवाला अचूक जाणतो. ठिबकची जुनी नळी तो बांधावरून उचलून नेतो. मातीने माखलेला, चिंध्या झालेला आच्छादनाचा पातळ कागद मात्र तो हातीही धरत नाही. कोणते प्लास्टिक पुन्हा कामी येईल याचा पहिला निवाडा प्रयोगशाळेत होत नाही, तो भंगाराच्या तराजूवर होतो.

एक नाव, अनेक पदार्थ

प्लास्टिक हा एकच पदार्थ आहे, या समजुतीत बहुतेक अपयशांचे मूळ आहे. पाण्याच्या बाटलीचे, तेलाच्या कॅनचे, नळाच्या पाइपचे, दुधाच्या पिशवीचे आणि चहाच्या थर्माकोल पेल्याचे प्लास्टिक परस्परांहून भिन्न असते. वस्तूच्या तळाशी त्रिकोणात छापलेला एक ते सात हा अंक तोच भेद सांगतो. १ म्हणजे बाटल्यांचे पेट. २ म्हणजे कॅन व डब्यांचे जाड पॉलिथिन. ३ म्हणजे पीव्हीसी. ४ म्हणजे पिशव्यांचे पातळ पॉलिथिन. ५ म्हणजे पोती व झाकणांचे पॉलिप्रॉपिलीन. ६ म्हणजे थर्माकोलचे पॉलिस्टायरीन. आणि ७ म्हणजे उरलेले सर्व. तो त्रिकोण पाहून वस्तूचे पुनर्चक्रण होणारच असे पुष्कळांना वाटते. वास्तविक तो अंक केवळ पदार्थाची जात सांगतो. घेणारा कोणी आहे की नाही, हे सांगत नाही.

हे पदार्थ एकत्र वितळत नाहीत. पिशवीचे पॉलिथिन सुमारे ११० अंश सेल्सियसला मऊ होऊन वाहू लागते. पेट वितळण्यास २५० अंशांच्या आसपास उष्णता लागते. पीव्हीसी त्याच्या कितीतरी आधी करपू लागते आणि त्यातून आम्लाची वाफ निघते. पेटच्या ढिगात पीव्हीसीचे थोडे तुकडे मिसळले तरी सारा माल बिघडतो. शिवाय प्रत्येक वेळी वितळताना पदार्थाच्या लांब साखळ्या तुटतात आणि माल उतरत जातो. म्हणून दुधाच्या पिशवीपासून पुन्हा दुधाची पिशवी होत नाही. तिच्यापासून कचऱ्याच्या पिशव्या किंवा हलक्या प्रतीचे पाइप होतात.

सर्वांत कठीण प्रकार म्हणजे वेफर्स, बिस्किटे आणि शाम्पू यांची चकचकीत वेष्टने. त्यांत प्लास्टिकचे निरनिराळे थर आणि बहुधा धातूचा मुलामा एकमेकांना चिकटवलेला असतो. ते थर वेगळे करणे परवडत नाही. गावच्या ओढ्यात जे सर्वांत जास्त दिसते त्याला बाजारात सर्वांत कमी मोल असते, ही या प्रश्नाची खरी गाठ आहे.

जगाचा अनुभवही निराळा नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासानुसार २०१५ पर्यंत जगात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झाले. त्यापैकी सुमारे ६३० कोटी टनांचा कचरा झाला, आणि त्या कचऱ्यातील जेमतेम ९ टक्के भागाचे पुनर्चक्रण झाले. सुमारे १२ टक्के जाळला गेला. उरलेला जमिनीत, कचरा-डेपोत वा निसर्गात साठला. श्रीमंत देशांना जे साधले नाही ते आपल्या गावाला का साधले नाही म्हणून कार्यकर्त्याने खचून जाण्याचे कारण नाही.

पन्नास पैशांचा धडा

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घालणारी अधिसूचना काढली. दुधाच्या पिशवीवर एकाएकी बंदी घालणे शक्य नव्हते, म्हणून तिच्यासाठी वेगळी योजना करण्यात आली. पिशवी किमान ५० मायक्रॉन जाडीची असावी, तिच्यावर किमान ५० पैसे पुनर्खरेदी किंमत छापावी, आणि दूध संस्थांनी रिकाम्या पिशव्या परत घेण्याची व्यवस्था करावी, अशी ती कल्पना होती. हेतू उत्तम होता. तथापि दूध संस्थांनी अडचणी मांडल्या, मुदती वाढत गेल्या, आणि घरोघरची गृहिणी पिशव्या मोजून परत देते आहे असे चित्र राज्यात सर्वत्र काही उभे राहिले नाही.

यामागचा हिशेब उद्बोधक आहे. अर्ध्या लिटरच्या रिकाम्या पिशवीचे वजन सुमारे तीन ग्रॅम भरते. म्हणजे एक किलो होण्यास तीनशे ते साडेतीनशे पिशव्या लागतात. पिशवीला ५० पैसे धरले तर एका किलोचे दीडशे रुपयांहून अधिक होतात. भंगारात याचा एक लहानसा अंशच मिळतो. याचा अर्थ असा की, ५० पैसे ही त्या प्लास्टिकची किंमत नव्हती, ती अनामत होती. अनामत आधी घ्यावी लागते, वेगळी नोंदवावी लागते, आणि परत देताना कोणाच्या तरी हातून मोजून द्यावी लागते. पहाटे चार वाजता सायकलवरून दूध टाकणाऱ्या पोऱ्याने दारोदार आंबूस वासाच्या पिशव्या मोजून घ्याव्यात, त्या वितरकाने साठवाव्यात आणि दुधाच्या स्वच्छ गाडीतूनच परत पाठवाव्यात, हे कागदावर सोपे आणि व्यवहारात अवघड होते. त्यात ५० पैशांचे नाणे कायद्याने चलनात असले तरी दुकानदार ते घेत नाही. परत द्यावयाचे नाणेच जेथे हाती येत नाही, तेथे योजनेचा पायाच डळमळीत होतो.

यावरून अनामतीची कल्पनाच चुकीची, असा निष्कर्ष मात्र काढू नये. तामिळनाडूच्या निलगिरी या डोंगरी जिल्ह्यात २०२२ पासून मद्याच्या काचेच्या बाटलीवर दहा रुपये जादा घेऊन बाटली परत केल्यावर ते परत देण्याची पद्धत सुरू झाली, आणि नव्वद टक्क्यांहून अधिक बाटल्या परत येऊ लागल्या. तेथे रक्कम माणसाला दुकानापर्यंत परत आणण्याइतकी होती, वस्तू मोजण्यास सोपी होती, विकणारा आणि परत घेणारा एकच होता. या तीन अटी जेथे पाळता येतील तेथे ही पद्धत चालेल. महाबळेश्वर, पाचगणी, कास यांसारख्या पर्यटनस्थळी पाण्याच्या बाटल्यांबाबत तिचा विचार होण्याजोगा आहे.

मोहिमेनंतरचा ढीग

आता शाळांकडे वळू. गावोगाव दिसणारे एक चित्र असे असते. स्वच्छता पंधरवड्यात मुले उत्साहाने ओढ्याकाठचे, एस.टी. थांब्याजवळचे प्लास्टिक वेचतात. पोती भरतात, छायाचित्र निघते, सरपंच आणि मुख्याध्यापक मुलांची पाठ थोपटतात. दुसऱ्या दिवसापासून ती पोती शाळेच्या मागे पडून राहतात. भंगारवाला येतो, त्यातल्या बाटल्या तेवढ्या निवडून नेतो. उरलेली वेष्टने, चिखलाच्या पिशव्या, पेले यांचे काय करावयाचे हे कोणी ठरवलेले नसते. एके संध्याकाळी शिपाई त्यांना काडी लावतो. मुले घरी जाताना तो धूर पाहतात.

त्या धुराची हानी दुहेरी असते. कचऱ्यात पीव्हीसी असेल तर उघड्यावर जाळल्याने डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये निर्माण होतात. ती गवतावर बसतात, जनावराच्या चरबीत व दुधात उतरतात. दुसरी हानी डोळ्यांना दिसत नाही. आपण वेचलेले शेवटी जाळलेच जाते, हे एकदा कळल्यावर ते मूल पुढच्या मोहिमेत मन घालत नाही. या मुलाचा गेलेला विश्वास परत मिळवणे हे नवी पोती भरण्यापेक्षा अवघड काम आहे.

येथे दोष शिक्षकाचा नाही, मुलांचा तर नाहीच. दोष क्रमाचा आहे. आधी गोळा केले आणि मग घेणारा शोधला. आधी घेणारा ठरवावयास हवा होता.

सोप्या उत्तरांच्या मर्यादा

घेणारा नसलेल्या प्लास्टिकसाठी तीन उत्तरे नेहमी सुचवली जातात. तिन्हींत तथ्य आहे आणि तिन्हींना मर्यादा आहेत.

पहिले उत्तर प्लास्टिकच्या रस्त्यांचे. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी तापलेल्या खडीवर प्लास्टिकचा पातळ लेप देऊन मग डांबर मिसळण्याची पद्धत विकसित केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भारतीय रस्ते महासभेने २०१३ मध्ये या पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. परंतु प्लास्टिकचे प्रमाण डांबराच्या वजनाच्या पाच ते दहा टक्क्यांच्या मर्यादेत राहते. ते स्वच्छ, कोरडे आणि दोन-तीन मिलिमीटरपर्यंत बारीक केलेले लागते, आणि पीव्हीसी त्यात चालत नाही. गावाने भरलेले चिखलाचे पोते जसेच्या तसे रस्त्यात जात नाही.

दुसरे उत्तर सिमेंटच्या भट्टीचे. तेथील प्रचंड उष्णतेत वेष्टनांसारखे निरुपयोगी प्लास्टिकही इंधन म्हणून जळून जाते. मात्र सिमेंट कारखाने चुनखडीच्या प्रदेशात असतात. सातारा-सांगली हा काळ्या कातळाचा मुलूख. भट्ट्या उत्तर कर्नाटकाकडे किंवा दूर चंद्रपुराकडे. कापसासारखा हलका माल तेथवर न्यावयाचा तर त्याचे घट्ट दाबलेले गठ्ठे हवेत, अन्यथा ट्रक हवाच वाहून नेतो.

तिसरे उत्तर विघटनशील पिशवीचे. अशी पिशवी औद्योगिक खतप्रकल्पात, सुमारे ५८ अंशांची उष्णता सतत मिळाल्यावर कुजते. उकिरड्यावर किंवा कृष्णेच्या पात्रात ती तशी लवकर कुजेलच असे नाही. शिवाय ती साध्या पिशव्यांत मिसळली तर पुनर्चक्रणाचा माल बिघडवते. कापडी पिशवी, दुधाची किटली आणि पळसाची पत्रावळ यांना अशा कोणत्याही अटी नाहीत, हे विसरून चालणार नाही.

तीन नगरांचा आदर्श

निराशेच्या या हिशेबात दोन्ही जिल्ह्यांच्या खात्यावर एक मोठी जमा आहे. केंद्र शासनाच्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत २०२० साली सातारा जिल्ह्यातील कराड देशात पहिले आले. २०२१ साली तो मान सांगली जिल्ह्यातील विट्याने मिळवला, आणि २०२२ साली पुन्हा सातारा जिल्ह्यातील पाचगणीने. सलग तीन वर्षे देशातील प्रथम क्रमांक या दोन शेजारी जिल्ह्यांत राहिला. या सर्वेक्षणात घरोघरचे संकलन, वर्गीकरण आणि प्रक्रिया या बाबींना गुण असतात. म्हणजे वर्षातून एकदा केलेल्या साफसफाईने हा मान मिळत नाही. घंटागाडी रोज यावी लागते आणि ओले-सुके रोज वेगळे व्हावे लागते.

या भूमीला स्वच्छतेच्या कार्याची परंपराही आहे. तासगाव तालुक्यातील अंजनीचे सुपुत्र आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, आणि खराटा हाती घेणे हा गावाच्या अभिमानाचा विषय झाला. परंतु त्या अभियानातील पालापाचोळा, शेण, सांडपाणी यांचा शेवट गावातच होत असे. खड्डा आणि परसबाग पुरेशी होती. प्लास्टिकचा शेवट गावात होत नाही. त्याला गावाबाहेर पाठवावे लागते, आणि म्हणून खराट्याच्या जोडीला आता तराजू आणि नोंदवही हवी.

ग्रामपंचायतीने काय करावे

२०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी ही जबाबदारी शहरांबरोबर ग्रामपंचायतींवरही सोपवली. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या ग्रामीण टप्प्यात प्रत्येक तालुक्याला एक प्लास्टिक व्यवस्थापन केंद्र व त्यासाठी १६ लाख रुपयांपर्यंत तरतूद ठरविण्यात आली. हे केंद्र तालुक्याला एक का, याचे उत्तर साध्या गणितात आहे. बाजारपेठेच्या एखाद्या गावात चारशे कुटुंबे रोज एक दुधाची पिशवी वापरतात असे धरले, तरी महिन्याला ३६ किलो पिशव्या होतात. एवढ्यासाठी कोणताही व्यापारी गाडी पाठवणार नाही. अशी वीस गावे एकत्र आली तर महिन्याला ७२० किलो होतात. मग फटका यंत्राने धूळ झाडून, दाबयंत्राने गठ्ठे बांधून विकण्यास तो माल योग्य होतो. साताऱ्यातील ११ आणि सांगलीतील १० तालुक्यांत पंचायत समित्यांनी या दृष्टीने विचार करणे अगत्याचे आहे.

त्यासाठी पुढील क्रम उपयुक्त ठरेल.

१. संकलन सुरू करण्यापूर्वी घेणारा ठरवावा. बाटल्या कोण घेईल, पिशव्या कोण घेईल, वेष्टने कोठे जातील, हे ग्रामसभेत लेखी नोंदवावे. ज्या वस्तूला घेणारा नाही ती गोळा करण्याची घोषणा करू नये. तिचा वापर कमी करण्याचा ठराव करावा.

२. भंगारवाल्याला या कामात सन्मानाने सामील करून घ्यावे. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ पासून उभी आहे आणि त्यांच्या सहकारी संस्थेने घरोघरचे संकलन यशस्वीपणे चालविले आहे. गावातील भंगारवाला हा मोबदला न मागता काम करणारा जुना पुनर्चक्रण-अधिकारीच आहे.

३. घरात तीन साध्या सवयी लावाव्यात. पिशवी विसळून वाळवावी. दूध ओतताना तिचा कोपरा पूर्ण तोडू नये, चीर द्यावी. तुटलेला इवलासा तुकडा कोणाच्याही हाती लागत नाही. ओल्या कचऱ्यात प्लास्टिक टाकू नये.

४. शाळांनी पोती मोजण्याऐवजी वजन मोजावे, आणि गोळा झालेले नव्हे तर गावाबाहेर योग्य ठिकाणी गेलेले वजन फलकावर लिहावे. मुलांना गणिताचा हा धडा परिसर-अभ्यासाइतकाच उपयोगी पडेल.

५. ज्यांची वेष्टने ओढ्यात सापडतात त्या उत्पादकांवरही ती परत घेण्याची कायदेशीर जबाबदारी आहे. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ती अधिक स्पष्ट केली. शाळेतील मुलांनी वेष्टनांची नाममुद्रेनुसार वर्गवारी केली, तर पंचायत समितीस त्या उत्पादकांशी पत्रव्यवहार करण्यास हाती आधार राहील.

६. लग्नकार्य, यात्रा, उरूस यांसाठी गावाने स्टीलच्या ताट-वाट्यांचा संच ठेवावा. बचत गटांनी तो भाड्याने द्यावा. एका जेवणावळीत वाचलेले पेले महिनाभराच्या मोहिमेपेक्षा अधिक भरतात.

समारोप

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर पोहोचली. पाणी ओसरल्यावर काठच्या बाभळींच्या फांद्यांना प्लास्टिकच्या चिंध्या लोंबत होत्या. गावाने ओढ्यात टाकलेले नदीने उचलून काठावर आणून ठेवले होते. आपल्या हातून गेलेली वस्तू गेली, हा समज तेव्हा खोटा ठरला.

प्लास्टिकचे पुनर्चक्रण हा काही चमत्कार नाही आणि थोतांडही नाही. तो एक व्यवहार आहे. त्याला वजन आहे, भाव आहे, वाहतूक आहे, आणि शेवटी माल घेणारा कोणी तरी माणूस आहे. हा व्यवहार ओळखून, पेलवेल तेवढेच अंगावर घेतले आणि उरलेले वापरातच कमी केले, तर कार्यकर्त्याच्या पदरी निराशा येणार नाही. प्रत्येक वस्तू दारात येते त्याच क्षणी तिच्या शेवटच्या मुक्कामाचा विचार करण्याची सवय अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी आधी स्वतःला लावावी. शाळेमागचा तो ढीग मग पेटणार नाही, आणि पोती भरणाऱ्या मुलाला आपले प्लास्टिक कोठे गेले हे फलकावर वाचता येईल.